अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हावे की फिजिशियन असिस्टंट? नव्याने आलेल्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अमेरिकेतल्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला एका गोष्टीचे हमखास आश्चर्य वाटते. आत येणारी व्यक्ती छाती तपासते, रक्ताच्या चाचण्या सांगते, निदान करते, औषध लिहून देते आणि तरीही ती डॉक्टर नसते. ती बहुतेक वेळा नर्स प्रॅक्टिशनर असते किंवा फिजिशियन असिस्टंट असते. पुढे आपल्यालाच, आपल्या जोडीदाराला किंवा मुलांना या क्षेत्रात जावेसे वाटले, की या दोहोंपैकी कोणता मार्ग धरावा हा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर देणारी माणसे सहसा आपापल्याच मार्गाची शिफारस करतात.

मी 2013 साली पतीच्या नोकरीमुळे नाशिकहून डॅलसजवळ राहायला आले. माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी. होती, कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता आणि एच-4, म्हणजे एच-1बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा, व्हिसा असल्यामुळे नोकरीची परवानगी नव्हती. सुरुवातीची दोन वर्षे मी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, होण्याच्या तयारीत घालवली, नंतर विचारपूर्वक मार्ग बदलून नर्सिंगला गेले आणि आज फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करते. माझी भाची इथेच जन्मली आणि वाढली. ती पीए झाली आणि तिचा अर्ज भरताना मी तिच्या शेजारी बसले होते. त्यामुळे दोन्ही वाटांवरचे खाचखळगे मी जवळून पाहिले आहेत. या लेखात मी दोन्ही व्यवसायांना सोयीसाठी एनपी आणि पीए असे म्हणेन.

1. दोन्ही व्यवसायांचे मूळ समजून घ्या

दोन्ही व्यवसायांचा जन्म 1965 सालचा आहे. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने अनुभवी नर्सना मुलांची तपासणी व उपचार शिकवणारा पहिला एनपी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय साहाय्यकाचे काम केलेल्या जवानांना हाताशी धरून पीएचा पहिला वर्ग भरवला. त्यातले तिघे 1967 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले.

हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण आजचा सगळा फरक तिथूनच आला आहे. एनपी आधी नर्स असते आणि तिचे पुढचे शिक्षण नर्सिंगचे असते. ती सुरुवातीलाच एक रुग्णगट निवडते: सर्व वयांच्या कुटुंबासाठी, प्रौढ व वृद्धांसाठी, बालकांसाठी, नवजातांसाठी, स्त्रियांच्या आरोग्यासाठी किंवा मानसिक आरोग्यासाठी. पीएचे शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयाच्या धर्तीवर, थोडक्या काळात दाटीवाटीने बसवलेले असते आणि ते सर्वसाधारण असते. त्यामुळे पीए आज अस्थिरोग विभागात आणि चार वर्षांनी त्वचारोग विभागात नवे प्रमाणपत्र न घेता काम करू शकते. फॅमिली एनपीला मानसोपचाराकडे वळायचे असेल, तर पुन्हा विद्यापीठात जाऊन त्या गटाचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

नावाबद्दल एक खुलासा. पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारले आणि ओरेगॉन राज्याने 2024 मध्ये ते कायद्यात आणले. दोन्ही नावे दिसली तर ते दोन वेगळे व्यवसाय आहेत असे समजू नका.

2. आपण आज कुठे उभे आहोत, याचा कागदावर हिशेब मांडा

माझ्या मते निर्णयाचा निम्माअधिक भाग याच टप्प्यात होतो, आणि बहुतेक लोक नेमका हाच टप्पा वगळून पगाराची तुलना करत बसतात. एका कागदावर चार गोष्टी लिहा: व्हिसाची स्थिती, हातातली पदवी, घरच्या जबाबदाऱ्या आणि किती काळ कमाईशिवाय राहता येईल.

व्हिसापासून सुरुवात करा. एच-4 वर शिकता येते, पण काम करता येत नाही. मे 2015 पासून काही एच-4 धारकांना कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळू लागला, मात्र त्यासाठी जोडीदाराचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असावा लागतो किंवा त्याच्या एच-1बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. पीएच्या प्रवेशासाठी रुग्णांची प्रत्यक्ष काळजी घेतल्याचा अनुभव मागतात, आणि अनेक संस्था तो पगारी कामाचाच धरतात. काही संस्थांना काहीशे तास चालतात, काहींना दोन हजारांपर्यंत हवे असतात. मी दोन वर्षे एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून चादरी बदलल्या, रुग्णांना चाकाच्या खुर्चीतून एक्स-रेला नेले. अर्ज भरायला बसले तेव्हा कळले की हे तास वेगळ्या रकान्यात जातात आणि ‘रुग्णसेवेचा अनुभव’ म्हणून बहुतेक ठिकाणी धरले जात नाहीत. ईएडी हातात नसेल, तर पीएच्या वाटेवरचा हा पहिलाच दरवाजा अडतो.

नर्सिंगच्या शिक्षणात रुग्णालयातला अनुभव अभ्यासक्रमाचाच भाग असतो, म्हणून एच-4 वर असतानाही ते पूर्ण करता येते. तरीही सावध राहा: नर्सचा परवाना देताना काही राज्ये सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात आणि कामाच्या परवान्याशिवाय तो मिळत नाही. शिक्षण संपेपर्यंत आपली स्थिती काय असेल, याचा अंदाज इमिग्रेशनच्या वकिलाकडून आधीच घ्या.

आता पदवी. कोणी कुठून आले आहे त्यावर बरेच अवलंबून असते, म्हणून एकेक सांगते.

भारतातून बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनी, माझ्या मते, एनपीचाच मार्ग धरावा. आपली नर्सिंगची गुणपत्रके आणि नोंदणी यांची पडताळणी करून घ्यायची, इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि एनक्लेक्स-आरएन ही नोंदणीकृत नर्सची (आरएनची) परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, म्हणजे अर्धी वाट संपते. ही पडताळणी करणारी सीजीएफएनएस ही संस्था 2025 पासून ट्रूमेरिट या नावाने काम करते. एनक्लेक्स भारतातल्या केंद्रांवरही देता येते. जीएनएम पदविका असेल, तर आरएन झाल्यावर बहुधा बीएसएनचा, म्हणजे नर्सिंगच्या पदवीचा, जोड-अभ्यासक्रम करावा लागतो. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; तो उत्तम आहे, पण त्या आधारावर अमेरिकेत एनपीचा परवाना मिळत नाही.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांमध्ये असा एक समज पसरलेला आहे की एक परीक्षा दिली की पीएचा परवाना मिळतो. हे खरे नाही. पीएची परवाना परीक्षा, म्हणजे पॅन्स, देण्यासाठी एआरसी-पीए या मंडळाची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेला असलाच पाहिजे. भारतात पीएची पदवी घेतलेल्यांनाही हाच नियम लागू होतो. तुमचे ज्ञान वर्गात निश्चितच उपयोगी पडेल, पण त्याने वर्षे कमी होणार नाहीत.

विज्ञानाची, औषधनिर्माणशास्त्राची किंवा अगदी वाणिज्य शाखेची पदवी असणाऱ्यांना दोन्ही वाटा खुल्या आहेत. इथे एक अडचण लक्षात ठेवा. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. अनेक ठिकाणी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरली जात नाही. तिच्या जोडीला एम.एस्सी. असेल तर प्रश्न बहुधा सुटतो, पण निर्णय प्रत्येक संस्था आपापला घेते. शिवाय शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र असे विषय अमेरिकेतल्याच महाविद्यालयातून केलेले असावेत, अशी अट पुष्कळ पीए अभ्यासक्रम घालतात, आणि पाच, सात किंवा दहा वर्षांपूर्वीचे गुण ग्राह्य धरत नाहीत. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. असूनही तोच विषय इथल्या कम्युनिटी कॉलेजात पुन्हा केला. तेव्हा वाईट वाटले होते. आज वाटते की इंग्रजीत प्रयोगाचा अहवाल लिहिण्याची सवय मला तिथेच लागली.

3. वाटेतले थांबे मोजा

दोन्ही वाटांची एकूण वर्षे मोजली तर फार अंतर पडत नाही. अंतर पडते ते मधल्या थांब्यांत.

एनपीच्या वाटेवर, दुसऱ्या शाखेचे पदवीधर असाल तर, पूर्वतयारीचे विषय साधारण वर्षभरात होतात. नंतर बारा ते अठरा महिन्यांचा वेगवान बीएसएन अभ्यासक्रम, मग एनक्लेक्स आणि आरएन म्हणून नोकरी. त्यानंतर दोन ते चार वर्षांत, बहुतेक जण नोकरी सांभाळून, पदव्युत्तर पदवी घेतात. ही पदवी एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) किंवा डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) असते. आधी निदान पाचशे क्लिनिकल तासांची, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण पाहत शिकण्याच्या तासांची, अट होती. 2022 च्या राष्ट्रीय मानकांनी ती साडेसातशेवर नेली. शेवटी आपल्या रुग्णगटाची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची. फॅमिली एनपीसाठी मी एएएनपीसीबी या प्रमाणपत्र मंडळाची परीक्षा दिली: तीन तास, दीडशे प्रश्न. प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

पीएच्या वाटेवर पूर्वतयारीचे विषय आणि रुग्णसेवेचे तास एकाच वेळी जमवायचे. त्यासाठी बहुतेक जण सीएनए (नर्सचे मदतनीस), ईएमटी (रुग्णवाहिकेवरचे तंत्रज्ञ) किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून काम करतात. मग कॅस्पा या सामायिक प्रणालीतून अर्ज करायचा, आणि प्रवेश मिळाल्यावर साधारण सत्तावीस महिने पूर्णवेळ शिकायचे. पहिले वर्ष वर्गात जाते, दुसरे वर्ष रुग्णालयांत. अंतर्गत रोग, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, आपत्कालीन विभाग अशा फेऱ्यांमध्ये सुमारे दोन हजार तास होतात. त्यानंतर पॅन्स: पाच तास, तीनशे प्रश्न. प्रमाणपत्राचे चक्र दहा वर्षांचे असते आणि दर दोन वर्षांनी शंभर तासांचे सातत्यपूर्ण शिक्षण दाखवावे लागते.

या सत्तावीस महिन्यांत नोकरी करता येत नाही असेच धरून चाला. माझी भाची पहिल्या वर्षी सकाळी आठला वर्गात जाई आणि रात्री अकराला पुस्तक मिटवी. आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन परीक्षा असत. ती तेवीस वर्षांची होती, एकटी राहत होती आणि तिच्यावर कोणाची जबाबदारी नव्हती. तिच्यासाठी ही वाट योग्यच होती. मी बत्तीस वर्षांची होते आणि मुलाला रोज दुपारी तीनला शाळेतून आणायचे होते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा असा. एनपीच्या वाटेवर आरएन हा पक्का थांबा आहे. आजारपण आले, बाळंतपण आले, आई-वडिलांसाठी भारतात जावे लागले किंवा पुढे शिकावेसे वाटले नाही, तरी हातात मान असलेला परवाना आणि चांगला पगार राहतो. पीएच्या वाटेवर असा थांबा नाही. दुसऱ्या वर्षी अभ्यासक्रम सोडावा लागला, तर हातात कर्जाखेरीज काहीच राहत नाही. ज्यांच्या आयुष्यात पुढच्या तीन वर्षांची खात्री आहे त्यांनी याची चिंता करू नये. ज्यांना ती नाही त्यांनी हा फरक पगारातल्या फरकाहून मोठा मानावा.

4. दोघांच्याही मागे किमान तीन-तीन दिवस फिरा

शॅडोइंग, म्हणजे परवानगी घेऊन एखाद्याच्या मागे दिवसभर फिरून काम पाहणे, हे पीएच्या अर्जासाठी उपयोगी पडतेच. पण मी ते स्वतःच्या निर्णयासाठी करायला सांगते. परवानगी मिळवायला दोन-तीन महिने लागतात, लसीकरणाचे पुरावे आणि क्षयरोगाची चाचणी मागतात, म्हणून लवकर सुरुवात करा.

अस्थिरोग दवाखान्यातल्या एका पीएच्या मागे मी फिरले. गुडघा सुजलेले एक गृहस्थ आले होते. पीएने दोन्ही अंगठ्यांनी गुडघ्याच्या वाटीची कड चाचपली, जागा स्वच्छ केली, सुई आत घातली आणि पिवळसर पाणी सिरिंजमध्ये चढताना ती त्या गृहस्थांशी शांतपणे बोलत राहिली. पाणी निघाल्यावर त्यांनी पाय वाकवून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. दहा-बारा मिनिटांत काम झाले. दुपारी तीच पीए शस्त्रक्रियागृहात सर्जनच्या समोर उभी राहून मदत करणार होती.

पुढच्या आठवड्यात मी एका फॅमिली एनपीच्या दवाखान्यात होते. मधुमेह असलेल्या एका वृद्ध बाईंचे मोजे तिने स्वतः खाली बसून काढले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला एकेका ठिकाणी टेकवत ‘कळते आहे का’ असे विचारत गेली. डोळे मिटलेल्या त्या बाई अंगठ्यापाशी तीन वेळा काहीच बोलल्या नाहीत. एनपीने औषध बदलले, पण त्याआधी घरात स्वयंपाक कोण करते, त्या अनवाणी चालतात का, पाय पाहायला घरात आरसा आहे का, हे सगळे विचारले. मला त्या खोलीतून निघावेसे वाटले नाही, आणि माझा निर्णय तिथे झाला.

सर्व पीए झटपट काम करतात आणि सर्व एनपी निवांत बोलतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. अनेक दवाखान्यांत दोघांचे काम शेजारच्याच खोल्यांत अगदी सारखे चालते. पण शस्त्रक्रिया, हातांनी करायच्या प्रक्रिया आणि विभाग बदलत राहण्याची मोकळीक तुम्हाला ओढून घेत असेल, तर पीएचे शिक्षण त्यासाठी अधिक थेट तयारी करून घेते. वर्षानुवर्षे त्याच रुग्णांना पाहणे, दीर्घ आजार सांभाळणे किंवा मानसिक आरोग्याचे काम करणे आवडत असेल, तर एनपीची रचना त्याला अनुकूल आहे.

5. ज्या राज्यात राहायचे आहे त्या राज्याचा कायदा वाचा

निम्म्याहून अधिक राज्यांत एनपीला डॉक्टरशी करार न करता स्वतंत्रपणे रुग्ण पाहता येतात. कोलोरॅडो, ॲरिझोना, वॉशिंग्टन, न्यू मेक्सिको ही त्यांतली जुनी राज्ये. काही राज्यांत आधी ठरावीक काळ देखरेखीखाली काम केल्यावर ही मुभा मिळते. माझ्या टेक्ससमध्ये मात्र औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार सक्तीचा आहे, आणि तो करार संपला की माझे औषध लिहिण्याचे अधिकारही त्याच दिवशी थांबतात.

पीएच्या व्यवसायाची बांधणीच डॉक्टरसोबतच्या कामावर झालेली आहे. नॉर्थ डकोटाने 2019 मध्ये लेखी कराराची अट शिथिल केली आणि इतर काही राज्येही त्या दिशेने गेली, तरी एकंदरीत स्वतंत्र दवाखाना काढणे एनपीला अधिक राज्यांत शक्य आहे. औषधे दोघांनाही पन्नासही राज्यांत लिहिता येतात. व्यसन लावू शकणाऱ्या नियंत्रित औषधांचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात.

एच-1बीच्या कुटुंबांना दोन-चार वर्षांत राज्य बदलावे लागते, हे आपण सगळे जाणतो. आरएनचा बहुराज्य परवाना सुमारे चाळीस राज्यांत चालतो; कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. एनपीला मात्र प्रत्येक राज्यात स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.

6. पैशांचा हिशेब शेवटी करा, पण नीट करा

केंद्रीय श्रम सांख्यिकी विभागाच्या मे 2023 च्या आकड्यांनुसार एनपीचा मध्यम वार्षिक पगार 1,26,260 डॉलर होता, पीएचा 1,30,020 आणि आरएनचा 86,070. पहिल्या दोहोंतला फरक इतका थोडा आहे की त्यावर आयुष्याचा निर्णय घेऊ नये. शहर, विभाग आणि रात्रपाळी यांनी त्याहून मोठा फरक पडतो. याच विभागाने 2023 ते 2033 या काळात एनपींच्या नोकऱ्या 46 टक्क्यांनी आणि पीएंच्या 28 टक्क्यांनी वाढतील असा अंदाज तेव्हा दिला होता. म्हणजे काम दोघांनाही मिळेल.

खर्चाची बाजू अधिक बोलकी आहे. पीएच्या अनेक अभ्यासक्रमांचे शुल्क एक लाख डॉलरच्या घरात जाते आणि त्या काळात कमाई नसते. एनपीचे शिक्षण सरकारी विद्यापीठातून नोकरी सांभाळून केल्यास बरेच स्वस्त पडते. रुग्णालय शिक्षणासाठी मदत देत असेल, तर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतच्या मदतीवर कर लागत नाही. माझ्या एनपीच्या खर्चाचा मोठा वाटा असाच निघाला, पण त्या बदल्यात दोन वर्षे नोकरी न सोडण्याचे लेखी वचन द्यावे लागले. असे वचनपत्र सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा.

एच-4 किंवा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर केंद्र सरकारचे शिक्षणकर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डधारकांना मिळते. त्यांनीही हे लक्षात घ्यावे की ग्रॅड प्लस हे मोठे कर्ज नव्या विद्यार्थ्यांसाठी 1 जुलै 2026 पासून बंद होण्याचा कायदा 2025 मध्ये झाला आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून कर्जाचा अंदाज बांधू नका.

7. कागदपत्रे भारतातूनच जमवायला घ्या

यातली निम्मी कागदपत्रे इथे बसून मागवायला फार त्रास होतो. पुढच्या भारतभेटीत ही यादी सोबत ठेवा.

- प्रत्येक वर्षाची मूळ गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र आणि विद्यापीठाने मोहोरबंद केलेले ट्रान्सक्रिप्ट. नर्सिंग, आयुर्वेद, फिजिओथेरपी वगैरे झालेल्यांसाठी हे काम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आहे. शक्य असल्यास जास्तीच्या मोहोरबंद प्रती घ्या आणि पाकीट स्वतः उघडू नका. उघडलेले पाकीट चालत नाही.
- नर्सिंग झालेल्यांसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी आणि तिची पडताळणी. नोंदणीची मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण करा.
- विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासांसह. महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी मिळाला तर उत्तम.
- लग्नानंतर नाव बदलले असेल, तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद. गुणपत्रकावर वडिलांचे नाव मधे, पासपोर्टवर पतीचे, आणि एखाद्या कागदावर आडनावच आधी, हा आपला नेहमीचा प्रकार इथल्या मंडळांना समजत नाही.
- लसीकरणाच्या नोंदी: गोवर, गालफुगी, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी. नोंदी नसतील तर इथे रक्ताची चाचणी करून प्रतिकारशक्ती दाखवता येते. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची क्षयरोग चाचणी पुष्कळदा चुकून सकारात्मक येते. रक्ताची चाचणी मागून घ्या.

पदवीच्या मूल्यमापनात मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. मी स्वस्तातला, फक्त पदवीची समकक्षता सांगणारा अहवाल मागवला. प्रवेशासाठी विषयवार अहवाल लागतो, ज्यात प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि श्रेणी असतात. दुसऱ्यांदा पैसे भरून तो येईपर्यंत त्या वर्षीची मुदत निघून गेली होती.

8. संस्था निवडताना या फसव्या जागा ओळखा

पहिली गोष्ट मान्यता. पीएसाठी एआरसी-पीए, नर्सिंगसाठी सीसीएनई किंवा एसीईएन. मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी घेऊन पीए किंवा एनपीच्या प्रमाणपत्र परीक्षेलाच बसता येत नाही. पीएच्या नव्या संस्थांना आधी तात्पुरती मान्यता असते, आणि जुन्यांपैकी काही परिवीक्षेवर असतात. हे मंडळाच्या यादीत उघड लिहिलेले असते, ते स्वतः पाहा.

दुसरी गोष्ट एनपीच्या विद्यार्थ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. पीएच्या संस्थांना क्लिनिकल जागा स्वतः उपलब्ध करून द्याव्या लागतात. विद्यार्थ्याने त्या शोधाव्यात अशी सक्ती त्यांना करता येत नाही. एनपीच्या, विशेषतः ऑनलाइन चालणाऱ्या, अनेक संस्था मात्र प्रिसेप्टर, म्हणजे आपल्या देखरेखीखाली काम शिकवणारा डॉक्टर किंवा एनपी, शोधण्याचे काम विद्यार्थ्यावर टाकतात. ओळखीपाळखी नसलेल्या आपल्यासारख्या माणसाला हे अतिशय जड जाते. माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीला प्रिसेप्टर न मिळाल्यामुळे पूर्ण सत्र थांबावे लागले, आणि शेवटी तिने तशी जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला पैसे दिले. प्रवेश घेण्यापूर्वी ‘क्लिनिकल जागा संस्था देते का’ हा प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तिसरी गोष्ट माझे ठाम मत आहे. आरएन म्हणून एकही दिवस काम न करता थेट एनपी करणारे अभ्यासक्रम आहेत. नियमाने ते चालतात, पण निदान दोन वर्षे रुग्णाच्या पलंगाशेजारी काढल्याशिवाय ती वाट धरू नका. साडेसातशे तासांत औषधांचे डोस शिकता येतात. समोरचा रुग्ण अर्ध्या तासात बिघडणार आहे हे त्याच्या श्वासावरून आणि त्वचेच्या रंगावरून ओळखणे मी हृदयरोग विभागातल्या रात्रपाळ्यांत शिकले, आणि दवाखान्यात मला त्याचा दर आठवड्याला उपयोग होतो.

चौथी गोष्ट पीएच्या अर्जाबद्दल. कॅस्पा दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस उघडते आणि बऱ्याच संस्था अर्ज येतील तसे मुलाखतीला बोलावतात. शेवटच्या तारखेची वाट पाहणारा अर्ज चांगला असूनही मागे पडतो. भाचीने पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये अर्ज पाठवला आणि तिला एकही मुलाखत आली नाही. दुसऱ्या वर्षी जवळजवळ तोच अर्ज मे महिन्यात पाठवला आणि चार आल्या.

9. पहिल्या नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी

परवाना मिळाला की आनंदाच्या भरात पहिला करार न वाचता सही केला जातो. मुलाखतीत हे प्रश्न नि:संकोच विचारा. पहिल्या तीन महिन्यांत रोज किती रुग्ण पाहावे लागतील, आणि नंतर किती? शंका आली तर कोणता डॉक्टर उपलब्ध असेल, त्याच इमारतीत की फोनवर? डॉक्टरशी करायच्या सहकार्य कराराचे शुल्क कोण भरणार? दवाखाना सोडल्यावर किती मैलांच्या परिसरात आणि किती काळ काम करता येणार नाही?

व्यावसायिक दायित्वाच्या विम्याबद्दल स्वतंत्रपणे विचारा. काही विमे घटना कधी घडली ते पाहतात, तर काही दावा कधी दाखल झाला ते पाहतात. दुसऱ्या प्रकारचा विमा असेल, तर नोकरी सोडल्यावरही जुन्या रुग्णांच्या दाव्यांसाठी संरक्षण चालू ठेवणारा वाढीव विमा लागतो, आणि त्याची रक्कम मोठी असते. ती दवाखाना भरणार की तुम्ही, हे करारात एका ओळीत लिहून घ्या. माझ्या पहिल्या करारात ती ओळ नव्हती. नोकरी बदलताना तो खर्च मी भरला.